चार आण्यांचे सूत, चौदा हजारांची तार

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान आणि गणित शिकवतो. नववीला दरवर्षी धाराविद्युतचा पाठ येतो. मराठी पुस्तकात जिथे 'रोध' असतो तिथे आमच्या पुस्तकात 'मुजाहमत' असते. मुजाहमत म्हणजे अडवणूक, प्रतिकार. तारेतून वीज वाहू लागली की तार तिला थोडीफार अडवते आणि किती अडवते हे मोजता येते, असे आम्ही मुलांना सांगतो. बी.एड.च्या सराव पाठांत याच पाठाला आम्हाला सर्वांत चांगले गुण मिळाले होते. असे असूनही एका दुकानात आमच्या स्वतःच्या मुजाहमतीची परीक्षा झाली आणि तीत आम्ही साफ नापास झालो. ती हकिगत सांगण्यासारखी नाही, म्हणूनच सांगतो आहोत.

आमचे गाव मिरज. मिरजेत सुरांबद्दल बोलताना आम्ही जरा दबूनच असतो, कारण समोरचा पानवालासुद्धा आपल्याहून जाणकार निघण्याची शक्यता असते. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली अल्लाहला प्यारे झाले आणि इथल्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात विसावले. उरुसात तिथे आजही गाणे होते. सतार आणि तंबोरा बनवणारी मुसलमान घराणी पिढ्यान्‌पिढ्या इथेच आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. आमचे मामू आयुष्यभर अशाच एका कारखान्यात भोपळे कापत, लाकूड घासत आणि तारा चढवत बसले. त्यामुळे सुरांशी आमचे नाते रक्ताचे आहे, फक्त ते रक्त आमच्या गळ्यापर्यंत पोचले नाही.

अब्बा एसटीत मेकॅनिक होते. त्यांना एकच शौक होता. कुणाकडून तरी जुना अ‍ॅम्प्लिफायर, एक कॅसेट डेक आणि लाकडी पेटीचे दोन मोठे स्पीकर त्यांनी विकत घेतले होते. जुम्म्याची नमाज आणि जेवण आटोपले की ते आपल्या खोलीत बसत आणि खाँसाहेबांची कॅसेट लावत. मूळ तबकड्या १९३०च्या दशकातल्या. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचे गाणे. त्यावरून पुढे कॅसेट निघाली. खरखर इतकी, की कढईत कांदा परततो आहे असे वाटावे. आम्ही लहानपणी हसायचो. अब्बा म्हणत, "खरखर ऐकू नकोस, तिच्या पलीकडे बघ." आम्ही बघितले नाही. आमचा अभ्यास असायचा, क्रिकेट असायचे, नंतर नोकरी आणि शिक्षणसेवकाचे मानधन असायचे.

अब्बा गेले. चाळिसावा झाल्यावर एका रात्री आम्ही त्यांच्या खोलीत जाऊन यंत्र सुरू केले. डावा स्पीकर करकरला आणि बंद पडला. आम्हाला वाटले, आता हेही गेले. पुढच्या रविवारी अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याची तार पिशवीत घालून आम्ही मोठ्या शहरातल्या एका दुकानात गेलो. दुकानाचे नाव सांगत नाही. कारण खरा अपराध कुणाचा, याबद्दल आमचे मत अजून पक्के व्हायचे आहे.

दुकान थंडगार होते. भिंतीला गालिचे, बसायला सोफा, हातात पाण्याचा ग्लास. गृहस्थ अत्यंत अदबीने बोलत होते. त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर पाहिला, आमच्याकडून अब्बांचे सगळे काढून घेतले आणि हळूच म्हणाले, "सर, मशीन उत्तम आहे. ही तार तिचा गळा दाबते आहे." मग त्यांनी त्यांच्या स्पीकरला आधी आमची तार जोडली, नंतर त्यांची. त्यांची तार करंगळीएवढी जाड, वर विणलेले वेष्टण, टोकाला सोन्याचा मुलामा आणि अंगावर बाण. वीज कोणत्या दिशेने जावी हे दाखवायला. ऑक्सिजन काढून टाकलेले तांबे, त्यावर चांदी. ही तार एका सेकंदाला एक लाख कंपनांपर्यंतचा आवाज बिनतक्रार नेते, असे त्यांनी सांगितले. शिवाय दोनशे तास वाजवल्यावर ती 'खुलते', हेही सांगितले. आम्ही ऐकले. आवाज खरेच मोकळा वाटला. किंमत चौदा हजार.

वेतन आयोगाच्या फरकाचा हप्ता नुकताच हातात आला होता. अब्बांच्या खोलीचे छत गळत होते, ते त्या पैशांतून करायचे ठरले होते. आम्ही छत आणले नाही, तार आणली.

त्या रात्री खाँसाहेबांची भैरवी लावली. आणि वाचकहो, खोटे सांगत नाही, आम्हाला खाँसाहेबांचा श्वास ऐकू आला. दोन आलापांच्या मध्ये घेतलेला, बारीक, म्हाताऱ्या माणसाचा श्वास. तो आम्ही पूर्वी कधीच ऐकला नव्हता. आम्ही रडलो. आतल्या खोलीतून बेगम आल्या. आम्ही म्हणालो, "ऐकलंस? ही तारेची कमाल." त्या थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "मला तर पूर्वीसारखंच वाटतंय." आम्ही म्हणालो, "तुला कान नाही." हे वाक्य आम्ही उच्चारले आणि पुढचे दोन महिने निरनिराळ्या शब्दांत उच्चारत राहिलो. त्या काही बोलल्या नाहीत. पावसाळ्यात छत गळू लागले तेव्हा तारेपासून वीतभर अंतरावर बादली आणून ठेवली, तेव्हाही बोलल्या नाहीत.

बकरी ईदला मामू आले. त्यांना बसवून आम्ही भैरवी ऐकवली. मामूंनी डोळे मिटून पूर्ण ऐकली आणि म्हणाले, "माशाअल्लाह. छान वाजतंय. भाईजान होते तेव्हाही छान वाजायचं." आम्ही तारेचे गुण सांगायला लागलो. सोने, चांदी, बाण. मामूंनी तार हातात घेऊन निरखली आणि विचारले, "बेटा, हिच्यातला गुण न बघता कळतो का?"

बेगमनी एवढी एकच संधी बघितली. त्यांनी कपाटातून जाड चादर काढली आणि दोरीवर टाकून खोलीच्या मधोमध पडदा केला. पडद्याआड यंत्र आणि त्या स्वतः, पडद्याच्या इकडे आम्ही आणि मामू. आमची दहा वर्षांची लेक नाणे उडवणार. छापा पडला तर नवी तार, काटा पडला तर अब्बांची जुनी. आवाजाच्या बटणाला कुणी हात लावायचा नाही. प्रत्येक वेळी दोन्ही तारा काढून मग हवी ती लावायची, म्हणजे आवाजावरून अंदाज नको. दरम्यान मामूंनी जुन्या तारेचे टोक पाहिले. ते काळे पडले होते. त्यांनी अर्धा इंच कापून, चाकूने खरवडून लखलखीत केले. डाव्या स्पीकरची करकर त्या क्षणी गेली. म्हणजे मूळ आजार एवढाच होता आणि इलाज फुकटचा होता.

बारा फेऱ्या झाल्या. आमची पाच उत्तरे बरोबर आली.

लेकीने वहीत टिपलेला आकडा मोठ्याने वाचला. आम्ही शिक्षक, मुलांनी नापास झाल्यावर दिलेली सगळी कारणे आम्हाला पाठ आहेत. ती सगळी आम्ही वापरली. पडद्यामुळे मन बिचकते. परीक्षेच्या दडपणाखाली कान बोथट होतात. असे सूक्ष्म फरक घाईघाईत कळत नसतात, त्यांच्यासोबत राहावे लागते. मामू ऐकत होते. ते उठून गेले आणि संध्याकाळी कारखान्यातून एक तंबोरा घेऊन आले.

तंबोऱ्याच्या घोडीवर, तारेच्या खाली, सुताचा एक बारीक धागा सरकवलेला असतो हे अनेकांना ठाऊक असेल. शिलाईच्या रिळातला साधा धागा. तो नेमक्या जागी आला की तार घोडीच्या उतारावर हलकेच घासत थरथरते, तिच्यातले वरचे सूर उमलतात आणि तंबोरा बोलू लागतो. त्यालाच जवारी खुलली म्हणतात. सूत काढले की तोच तंबोरा मुका, कोरडा वाटतो. मामू पडद्याआड गेले. लेकीने पुन्हा नाणे उडवायला घेतले. कधी सूत घालून, कधी काढून, मामूंनी दहा वेळा तंबोरा छेडला. आम्ही दहापैकी दहा ओळखले. बेगमनी दहा ओळखले. मोहल्ल्यातली दोन पोरे खिडकीत उभी होती, त्यांनीही ओळखले. निव्वळ नशिबाने दहाच्या दहा येण्याची शक्यता एक हजार चोवीसात एक, हे गणित आम्हीच वर्गात शिकवतो.

चादर तीच, दडपण तेच, कान तेच. चार आण्यांचे सूत पडद्याआडूनही ऐकू आले आणि चौदा हजारांची तार नाही.

त्या रात्री आम्ही जे आधी करायला हवे होते ते केले. कागद-पेन्सिल घेऊन बसलो. अडीच चौरस मिलिमीटर जाडीची घरगुती तांब्याची तार, स्पीकरपर्यंत जाऊन-येऊन दहा मीटर. तिची मुजाहमत भरते सुमारे ०.०७ ओहम. स्पीकरची आठ ओहम. म्हणजे तारेने अडवले ते एक टक्क्याहूनही कमी. आवाजात त्याने पडणारा फरक एका डेसिबलचा दहावा हिस्साही नाही आणि साधारण एक डेसिबलच्या आसपास फरक झाला तरच आपल्या कानाला तो जाणवतो. चांदी तांब्यापेक्षा सरस वाहक आहे खरी, पण जेमतेम सहा-सात टक्क्यांनी. आणि सोने? सोने तांब्यापेक्षा कमी प्रतीचे वाहक आहे! त्याचा गुण एवढाच, की ते काळे पडत नाही. तो गुण मामूंच्या चाकूत होता. राहिली एक लाख कंपने. माणसाचा कान वीस हजारांपलीकडे ऐकत नाही आणि वयाबरोबर ही हद्दही खाली येते. ज्या तबकडीवरून आमची कॅसेट निघाली तीत तर याच्या निम्मीही कंपने उतरलेली नव्हती. १९३५च्या आसपासचे गाणे आम्ही एक लाखाच्या रस्त्यावरून आणत होतो. म्हणजे घोडागाडीसाठी विमानतळ बांधण्यातला प्रकार.

अशा फसगतीत आम्ही एकटे नाही, हे पुढे वाचनातून कळले. जेम्स रँडी नावाचे अमेरिकन जादूगार होते. चमत्काराचा दावा करणाऱ्यांना ते आव्हान देत. २००७ साली त्यांनी बारा फुटी जोडीला ७,२५० डॉलर किंमत असलेल्या एका स्पीकरच्या तारेबद्दल आव्हान दिले: ती तार आणि साधी चांगली तार यांतला फरक न बघता ओळखा आणि दहा लाख डॉलर घ्या. एक नामवंत समीक्षक तयारही झाले. बोलणी झाली आणि फिसकटली. परीक्षा काही झाली नाही. त्याच वर्षी मेयर आणि मोरन या दोघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या म्हणवणाऱ्या ध्वनिमुद्रणांच्या वाटेत त्यांनी मधेच साध्या सीडीच्या दर्जाची गाळणी बसवली आणि ऐकणाऱ्यांना विचारले, गाळणी आहे की नाही? ऐकणाऱ्यांत ध्वनिमुद्रणाच्या धंद्यातले लोक होते, शौकीनही होते. ५५४ उत्तरांपैकी २७६ बरोबर आली. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी एवढीच आली असती.

सगळ्यांत मजेशीर गोष्ट २०२२ सालची. तबकड्या काढणारी मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी. डिजिटलचा वाराही न लागलेली शुद्ध तबकडी म्हणून शौकीन तिच्या एकेका तबकडीला सव्वाशे डॉलरसुद्धा मोजत. डिजिटलचा थेंब पडला तरी आम्हाला कळतो, असे म्हणणारेच त्यांत पुष्कळ. मग उघड झाले, की कंपनी २०११ सालापासूनच आपल्या अनेक तबकड्यांत मधला टप्पा डिजिटलचा वापरत होती. दहा-अकरा वर्षे थेंब नव्हे, लोटा पडत होता आणि कुणाच्याही कानाला कळले नव्हते. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२३मध्ये तडजोड झाली.

हे वाचून आम्हाला हसू आले, पण फार वेळ टिकले नाही. कारण आमचा प्रश्न बाकी होता. तो श्वास आम्ही ऐकला होता. तो खोटा कसा असेल?

तो खोटा नव्हता. एका रात्री जुनी तार लावून आम्ही तीच भैरवी ऐकली. श्वास होता. त्याच जागी, तेवढाच. तो अब्बांच्या वेळीही असणार. फक्त तेव्हा आम्ही दारातून येता-जाता ऐकत होतो. चौदा हजार खर्च झाल्यावर आम्ही पहिल्यांदा दिवा मालवून, मोबाइल बंद करून, मांडी घालून खोलीत बसलो. कान ऐकतात, पण काय ऐकले हे ठरवताना डोळे, खिसा आणि दुखावलेले मनही आपापले मत देत असतात. दुकानातल्या त्या गृहस्थांचा हात तार बदलताना आवाजाच्या बटणाजवळून गेला होता, हे आता आठवते. आवाज किंचित मोठा झाला तरी माणसाला तो अधिक चांगला वाटतो. पण हात खरेच बटणाला लागला की आता आमचा अहंकार तसे आठवतो आहे, हे शपथेवर सांगता येणार नाही. आमची साक्ष एकदा खोटी ठरली आहे.

बेगमची माफी मागायला आम्हाला आठवडा लागला. त्या म्हणाल्या, "कान नाही म्हणालात त्याचं काही नाही. पण मला नाही ऐकू आलं हे तुम्ही खरंच मानलं नाही, त्याचं वाईट वाटलं." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. दोन साक्षीदारांपैकी एकाची साक्ष आम्ही न तपासताच फेटाळली होती. पडदा त्यांनी लावला नसता तर आजही फेटाळत असतो.

याचा उपयोग पुढे एकदा झाला. आमच्या शाळेच्या सभागृहात लाऊडस्पीकरवरचे बोलणे मागच्या बाकांवर कळत नव्हते. नुसता गोंगाट. कमिटीने कोटेशन मागवले. त्यात बावीस हजार रुपये नुसत्या तारांचे आणि वीज 'शुद्ध' करणाऱ्या एका डब्याचे होते. पैसे चंद्यातून यायचे होते. चंदा देणाऱ्यांत हातगाडीवाले होते, मागवाले होते. आम्ही सहसा कमिटीसमोर तोंड उघडत नाही. त्या दिवशी उघडले आणि आधी आपल्या चौदा हजारांची कथा सांगितली. सदरसाहेब हसले, मग गंभीर झाले.

मग आम्ही सगळ्यांना रिकाम्या सभागृहात नेले आणि एक टाळी वाजवली. टाळी संपली तरी आवाज भिंती-भिंतींवर फिरत राहिला. रोग तारेत नव्हता, खोलीत होता. १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात हाच रोग होता. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबिन नावाच्या सत्तावीस वर्षांच्या अध्यापकाकडे हे काम आले. तो जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री उचलून आणायचा, एकेक मांडून घुमारा किती कमी होतो ते मोजायचा आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायचा. खोली जितकी मोठी तितका घुमारा जास्त, आवाज शोषणारे मऊ सामान जितके जास्त तितका घुमारा कमी, हा हिशेब त्याने मांडला. बोस्टनचे १९०० साली उघडलेले सिंफनी हॉल त्याच्याच सल्ल्याने बांधले गेले.

आमच्याकडे गाद्या नव्हत्या, सतरंज्या होत्या. शादीखान्यातले जुने जाड पडदे मिळाले, ते मागच्या भिंतीला लावले. छतालगत टांगलेले स्पीकर खाली आणून मुलांच्या दिशेने वळवले. सातवीच्या एका मुलीला माइकवरून दहा शब्द वाचायला सांगितले आणि शेवटच्या बाकावरच्या पोरांना ते लिहायला लावले. आधी दहातले चार-पाच बरोबर यायचे, आता नऊ आले. बावीस हजार वाचले. मुलींच्या प्रसाधनगृहाचे दार त्यातून झाले.

अब्बांच्या खोलीचे छत पुढच्या उन्हाळ्यात झाले. जुम्म्याला आम्ही तिथे बसतो. यंत्राला अब्बांचीच तार आहे.

नव्या तारेला गिऱ्हाईक आले होते. एका ओळखीच्या तरुणाने नऊ हजार देऊ केले. आम्हाला पैशांची गरज होती. पण त्याने विचारले, "सर, फरक पडतो ना?" आणि आमच्या तोंडून 'हो' निघेना. 'नाही' म्हणालो, तर तो गेला. तार आता शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. धाराविद्युतचा पाठ आला की टेबलावर ती आणि तेवढ्याच लांबीची घरगुती तार शेजारी ठेवतो. मुले मल्टिमीटरने दोन्हींची मुजाहमत मोजतात. आकडा एकच येतो. मुले आमच्याकडे बघतात. आम्ही म्हणतो, पुन्हा मोजा. मग कुणीतरी किंमत विचारतोच. आम्ही खरी सांगतो. वर्ग हसतो आणि तो तास मुलांच्या लक्षात राहतो.